बाळंतिणींची करवंटी

तिसऱ्या ज्वरातून किडे उठायला हवे होते, ते उठले नाहीत.

कात टाकायच्या आधी रेशमाचा किडा खाणं सोडतो आणि मान वर करून दिवसभर निपचित बसतो. त्याला आमच्या भागात ज्वर म्हणतात. ज्वरातून उठलेला किडा मोठा खादाड. पाला टाकून वळेपर्यंत नुसत्या शिरा उरतात. या खेपेला निम्मे उठले आणि निम्मे तसेच पडून राहिले. उठले त्यांतही एक बोटाच्या पेराएवढा, तर शेजारचा तांदळाच्या दाण्याएवढा. भागीरथीबाईंनी एक किडा तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. अंगावर मिरीची पूड सांडल्यासारखे काळे ठिपके होते. त्यांनी तो बाजूच्या टोपलीत टाकला आणि उंबऱ्याबाहेर पाला चिरत बसलेल्या सुनेकडं बघितलं. बोलल्या काही नाहीत. बोलायचं ते त्यांनी आधीच गावच्या विहिरीवर बायकांत बोलून घेतलं होतं.

सून म्हणजे वसुमती. माघ संपता संपता एका संध्याकाळी ती आत किड्यांना पाला घालत होती. बांबूचे शेवटचे दोन तट्टे राहिले असताना तिला अडचण आली. मुके जीव उपाशी कसे ठेवायचे म्हणून तिनं तेवढे दोन तट्टे उरकले, मग बाहेर आली आणि जे झालं ते सासूला सांगून टाकलं. न सांगती तर कुणाला कळलं असतं? पण तिच्या माहेरी खोटं बोलायची सवय कुणी लावली नव्हती, आणि ही खोड सासरी महागात पडते. किड्यांच्या खोलीत चप्पल चालत नाही, तंबाखू चालत नाही, फोडणीचा वाससुद्धा चालत नाही. विटाळाची तर गोष्टच सोडा. त्या दिवसापासून वसुमतीला उंबरा बंद झाला. मग किडे मरायला लागले, आणि बंगळूरजवळच्या के. आर. पुरमच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात कुणाला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

येत्या सोमवारी तिला मालूरला माहेरी पोचवायचं ठरलं होतं. हंगाम संपेपर्यंत, असं म्हणायचं. पण लग्नाला चार वर्षं झालेली, पदरात मूल नाही. अशी सून गाठोडं घेऊन गेली की तिला बोलावणं धाडणं न धाडणं सासूच्या हातात. गावात अशी दोन उदाहरणं होती. वसुमतीला ती दोन्ही ठाऊक होती, म्हणून तिला रात्री झोप नव्हती.

फाल्गुनाचं ऊन सकाळीच चढायचं. पाला उन्हाआधी तोडावा लागतो, नाहीतर तो मलूल होतो. वसुमती अंधारात उठून तुतीत शिरायची. त्या साली तळं संक्रांतीलाच आटलं होतं, त्यामुळं पानं लहान आणि चामड्यासारखी झालेली. तोडताना देठातून पांढरा चीक यायचा, तो बोटांवर वाळून काळा व्हायचा, आणि चिंचेनं घासला तरी निघायचा नाही. टोपली डोक्यावर घेऊन ती परत यायची तेव्हा विहिरीवर सासरे येसाजीराव मोट हाकत असायचे. मोट वर यायची ती अर्धी, तीही गढूळ. बैल उतारावरून जाताना येसाजीराव नाड्यावर बसायचे आणि चढताना बैलांसारखेच धापा टाकायचे. माणूस चांगला, पण घरात किड्यांचं राज्य बायकोचं होतं आणि आपण मोटेवरचे, हे त्यांनी जन्मभर मान्य केलेलं.

बायकोचा हात होताच तसा. भागीरथीबाईंच्या हातचं बियाणं, म्हणजे किड्यांची अंडी, कधी फसलं नव्हतं. आपल्याच कोषांतले टपोरे कोष निवडून त्या बियाण्याला ठेवत. त्यातून पतंग बाहेर पडले की जोड्या लावत आणि माद्यांना धुतलेल्या कापडावर अंडी घालू देत. अंडी घालून झालेल्या माद्या बाकीचे लोक उकिरड्यावर टाकतात. भागीरथीबाई टाकत नसत. त्या त्यांना बाळंतिणी म्हणत. नारळाच्या करवंटीत त्यांना ठेवायचं, हळद-कुंकू वाहायचं, आणि अंड्यांतून पिल्लं निघाली की मग तुतीच्या बुडाशी पुरायचं. बाळंतिणीला उकिरड्यावर टाकणाऱ्याच्या घरी रेशीम टिकत नाही, असं त्यांच्या सासूनं सांगितलेलं. लेक अहल्या व्हाईटफील्डच्या बाजूला दिली होती. तिच्या सासरीही बियाणं इथूनच जायचं. यंदा तिकडं पाला उशिरा आला, म्हणून मागाहून निघालेल्या पतंगांची अंडी तिला नुकतीच पाठवली होती. ती अजून फुटायची होती, आणि त्यांच्या आया देवळीत करवंटीत वाळत होत्या.

राहिला वसुमतीचा नवरा, आप्पाजी. हा मल्लेश्वरमला नातेवाइकांकडं राहून कॉलेजात शिकला आणि आता के. आर. पुरमच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत होता. सायकलीवर जायचा, सायकलीवर यायचा. बायकोवर त्याचा जीव होता, हे खोटं नाही. पण आईपुढं, त्याच्या अव्वापुढं, त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. शाळेत चाळीस पोरांना गप्प करणारा मास्तर घरी आला की स्वतःच गप्प व्हायचा.

त्या संध्याकाळी तो पडवीत बसून उद्याच्या धड्याची तयारी करत होता. धडा पेशीचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो प्रत्येक धडा आधी वसुमतीला शिकवून बघायचा. शाळेत कन्नडात जीवकोश म्हणायचा, घरी मराठीत पेशी. हिला कळलं तर पोरांना कळेल, असं त्याचं म्हणणं. ती सातवीपर्यंत शिकलेली होती आणि तिला ते आवडायचं. पुढं ते बंद पडलं. का, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. घरात कामं असतात आणि माणूस दमतो.

तिनं त्याच्यापुढं कांदा आणून ठेवला, कारण त्यानं मागितला होता. मग ती तिथंच उभी राहिली आणि तिनं विचारलं, की किडे खरंच कशानं मरतात ते तुम्हाला ठाऊक आहे का.

आप्पाजी कांदा सोलायला लागला. मग हळू आवाजात म्हणाला, की काळे ठिपके, लहानमोठी वाढ, म्हणजे गंटुरोग असावा. कॉलेजात दाखवला होता. मेलेला किडा पाण्यात वाटायचा आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. रोग असला तर दिसतो.

"मग बघितला का नाही?" वसुमती म्हणाली.

"शाळेतली वस्तू आहे ती. आणि..." तो थांबला. "तो रोग आईकडनं अंड्यात येतो, वसू. म्हणजे बियाण्यातनं. अव्वाला हे कोण सांगणार?"

वसुमतीला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की कांदा उचलून भिंतीवर मारावासा वाटला. ज्याला ठाऊक होतं तोच इतके दिवस कांद्याची सालं काढत बसला होता. पण रागावून सोमवार टळणार नव्हता. ती एवढंच म्हणाली, की मला सोमवारी धाडताय, तर त्याआधी एकदा बघा. मी शाळेत येते. तो नको म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. त्याची ही तऱ्हा तिला ओळखीची होती, आणि तिनं तिचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला.

दुसऱ्या दिवशी सासू तुतीत गेल्या तेव्हा वसुमतीनं टोपलीतले काही मेलेले किडे पानात गुंडाळले. मग देवळीतली करवंटीही उचलली. कुंकू वाहिलेल्या वस्तूला हात लावतोय आणि तोही चोरून, याची तिला भीती वाटली. करवंटी पदराखाली धरून ती उन्हात निघाली. रस्त्याला सावली नव्हती. डांबर मऊ झालेलं, आणि बंगळूरकडं जाणारी एक लॉरी धुरळा उडवून गेली तेव्हा तिनं पदर तोंडाऐवजी करवंटीवर धरला.

शाळेत तास चालू होता. ती व्हरांड्यात बाकावर बसली. आतून आप्पाजीचा आवाज येत होता, आणि तो घरचा आवाज नव्हता. तो सांगत होता, की कांद्याचा पातळ पापुद्रा काढा, काचेवर पसरा, आयोडीनचा थेंब टाका. दिसतात त्या विटांसारख्या रांगा. एकेक वीट म्हणजे एकेक पेशी. तिला भिंत आहे, आत पातळसर जीवद्रव्य आहे आणि त्यात गडद ठिपका आहे तो केंद्रक. गालाच्या आतून काडीनं खरवडून बघा, तिथंही पेशीच. तिला कांद्यासारखी जाड भिंत नाही, पण केंद्रक आहेच. झाड असो, माणूस असो, सगळं याच विटांचं. काही जीव तर एकाच पेशीचे, तेवढंच त्यांचं अंग आणि तेवढंच पोट. पोरं रांगेनं एकच सूक्ष्मदर्शक बघत होती आणि ढकलाढकली करत होती. एकानं विचारलं, की सर, पहिली पेशी येते कुठून? आप्पाजी म्हणाला, पेशी आभाळातून पडत नाही. पेशी पेशीपासूनच होते. एकीच्या दोन होतात, दोनांच्या चार. आईच्या पोटातलं अंडं ही पण पेशीच, आणि त्या पेशीत जे असेल ते पोरात उतरतं.

हे वाक्य बोलताना त्याला आपलं घर आठवलं की नाही कोण जाणे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घंटा झाली, पोरं गेली. वसुमती आत आली तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं दार लोटून घेतलं. त्यानं एक मेलेला किडा लहान खलात घातला, पाण्याचे थेंब सोडून वाटला, आणि त्यातलं थोडं काचेवर घेऊन वर दुसरी पातळ काच ठेवली. बघायला वाकला तो वाकलेलाच राहिला. वसुमतीला त्याची मानच दिसत होती, पण त्या मानेवरूनच तिला कळलं.

"बघ," तो म्हणाला.

तिनं एक डोळा मिटला. आधी नुसता पांढरा उजेड दिसला आणि आपल्याच पापण्या. मग त्यानं बाजूचं चाक किंचित फिरवलं आणि दाणे दिसले. लांबट, गुळगुळीत, चकचकीत, शिजवायला ठेवलेल्या भगरीसारखे दाटीवाटीनं. आप्पाजी म्हणाला, की त्यातला एकेक दाणा म्हणजे एकेक जीव आहे, एका पेशीचा. तो किड्याच्या आतड्याच्या पेशीत शिरतो, तिथंच वाढतो, एकाचे शंभर होतात, पेशी फुटते आणि ते शेजारच्या पेशींत शिरतात. शिरत शिरत मादीच्या पोटातल्या अंड्यांत पोचतात. मग त्यानं विचारलं, की या खेपेचे किडे पहिल्या ज्वरापासूनच लहानमोठे होते का. वसुमतीनं आठवून सांगितलं, की होते. तिची अडचण त्यानंतरची.

"मग हे बियाण्यातनंच आलंय," तो म्हणाला, आणि खाली बसला.

वसुमतीनं पदराखालची करवंटी काढून टेबलावर ठेवली. अहल्याक्कांकडं गेलेली अंडी यांची, असं तिनं सांगितलं. आप्पाजी करवंटीकडं बघत राहिला. त्याला मागं ढकलायचं होतं ते सगळं आता टेबलावर येऊन बसलं होतं. शेवटी त्यानं एक वाळलेला पतंग उचलला, त्याच्या पंखांवरचं कुंकू फुंकरीनं उडवलं आणि तो खलात घातला.

तो वाटत असतानाच दार उघडलं. दारात भागीरथीबाई होत्या. देवळी रिकामी बघून आणि सून शाळेच्या वाटेला लागल्याचं ऐकून त्या तशाच निघाल्या होत्या, पायांत काही नाही, पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले. त्यांनी करवंटी बघितली, खल बघितला, मुलाच्या हातातला बत्ता बघितला. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाळंतिणीला कुटतोस काय रे?" त्या म्हणाल्या.

आप्पाजीच्या हातून बत्ता खाली पडला. आता हा नेहमीसारखा मान खाली घालणार, असं वसुमतीला वाटलं. त्यानं घातलीही. पण मान खाली घालूनच त्यानं वाटलेला थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, बघितला, आणि बाजूला सरकून म्हणाला, "अव्वा, स्वल्प इकडं बघ."

भागीरथीबाईंना एक डोळा मिटता येईना. त्यांनी तो हातानं दाबून धरला. बराच वेळ वाकून त्या म्हणाल्या, धूळ आहे. आप्पाजीनं दुसरी काच धुतली, काडीनं आपल्याच गालातून खरवडून त्या काचेवर लावलं आणि दाखवलं. हे माझं, तो म्हणाला, यात ते दाणे आहेत का बघ. नव्हते. मग त्यानं पुन्हा पतंगाची काच ठेवली. मग किड्याची. मग आणखी एक बाळंतीण वाटली, तिची. पोरांना सांगतो तसं त्यानं आईला सगळं सांगितलं, पेशी म्हणजे काय, दाणा कसा शिरतो, अंड्यात कसा जातो. त्याचा आवाज मधेच फाटत होता. भागीरथीबाईंचा एक डोळा नळीला आणि एक हाताखाली दाबलेला, पाठ वाकलेली. त्या वयाच्या बाईला असं वाकून उभं राहायला किती त्रास होतो, ते वसुमतीला दिसत होतं आणि तिला त्यांची कीव येत होती. याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"सगळ्यांत हाय काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बघितल्या तेवढ्यांत आहे."

त्या सरळ झाल्या. करवंटीत उरलेल्या बाळंतिणी त्यांनी नीट केल्या, करवंटी उचलली, आणि उन्हात चालू लागल्या. वसुमती मागून चालत घरी आली. दोघींत हाकेच्या अंतराएवढी वाट होती आणि ती शेवटपर्यंत तेवढीच राहिली.

घरी काहीच झालं नाही. येसाजीरावांना आप्पाजीनं कसंबसं सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, की आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार. मग बायकोचं तोंड बघून त्यांना आपली जीभ छाटावीशी वाटली, आणि ते बैलांना वैरण घालायला गेले. वैरण आधीच घातलेली होती. भागीरथीबाईंनी सगळे तट्टे एकटीनं मागच्या अंगणात नेले आणि किडे खड्ड्यात टाकून वर चुना पसरला. जिवंत होते तेही. महिन्याचं काम होतं ते, चौघांचं. वसुमती मदतीला उठली, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. किड्यांच्या खोलीत आता एकही किडा नव्हता, तरी उंबरा काही उघडला नाही. सोमवारचं कुणी काही बोललं नाही, म्हणजे तो होताच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

रविवारी संध्याकाळी वसुमतीनं गाठोडं बांधलं. आप्पाजी दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, की मी अव्वाशी बोलतो. ती म्हणाली, बोला. तो गेला आणि पडवीत बसून राहिला. त्याचा पेशीचा धडा शाळेत संपला होता.

सोमवारी सकाळी येसाजीराव डोक्याला पटका बांधून तयार झाले, तर भागीरथीबाईंनी त्यांना मोटेवर जायला सांगितलं. मीच जाते हिला घेऊन, म्हणाल्या. के. आर. पुरमच्या स्टेशनावर त्यांनी तिकिटं काढली. गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. भागीरथीबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नाचणीची कापलेली शेतं आणि कोरडे ओढे. व्हाईटफील्ड आलं तशा त्या उठल्या. वसुमतीनं गाठोडं घेतलं आणि मागून उतरली. मालूर अजून पुढं होतं. आपल्याला कुठं नेतायत हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

अहल्येच्या घरी तिची सासू गोदूबाई अंगणात तूर पाखडत होती. विहीणबाई न सांगता, सुनेसकट आणि गाठोड्यासकट आलेल्या बघून तिचं सूप थांबलं. तिनं बसायला घोंगडी टाकली. अहल्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि आईला बघून हसली. भरल्या अंगाची, हसरी मुलगी. तिला अजून काही ठाऊक नव्हतं.

भागीरथीबाईंनी पाणी घेतलं नाही. पाठवलेली अंडी फुटू देऊ नका, जाळून टाका, एवढंच त्या म्हणाल्या.

गोदूबाईनं कारण विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितलं. तुमच्याकडचं सगळं कळलंय आम्हाला, ती म्हणाली, आणि हनुवटीनं वसुमतीकडं दाखवलं. हिच्या विटाळानं किडे गेले ना? व्हायचंच. पण आमची अंडी तुम्ही देवाजवळ कापडावर घेतली होती, ही तिकडं फिरकली पण नव्हती. मग आमच्या अंड्यांना काय धाड भरलीय? पाला तयार आहे, माणसं ठरवलीत, आणि आता जाळा कशाला म्हणता?

भागीरथीबाई घोंगडीवर टेकल्या. झाकली मूठ होती आणि झाकलीच ठेवायला समोरून सांगत होते. वसुमती गाठोडं छातीशी धरून उभी होती. सासू आता काय बोलते याकडं तिचं सगळं आयुष्य लागलं होतं.

"आणि इथं काही झालंच," गोदूबाई म्हणाली, "तर आमच्या घरात कोण विटाळतं ते आम्ही बघू." तिनं मान वळवली. "परवा तू बाहेर बसलीस अहल्या, तेव्हा अंड्यांचं कापड कुणी हलवलं होतं गं?"

अहल्येचं हसू गेलं. कापड मीच हलवलं होतं, ती म्हणाली, पण बसायच्या आदल्या दिवशी. आदल्या दिवशीच. हे तिनं दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज बारीक झाला. वसुमतीला तो आवाज ओळखीचा होता. तो तिचाच होता.

भागीरथीबाईंनाही तो ओळखू आला असावा. त्या लेकीकडं बघत राहिल्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं त्या सुनेला बोलल्या होत्या आणि ते फिरून लेकीला लागत होतं. त्या घोंगडीवरून उठल्या. गुडघा धरून उठावं लागलं.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "बियाणं किडलेलं हाय. माझ्या हातचं. पतंगांच्या पोटातच रोग होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. सुनेचा विटाळ नव्हे, आणि पोरीचा पण नव्हे. विहिरीवर मी बोलले ते खोटं होतं."

मग गोदूबाई आत गेली आणि अंड्यांचं कापड सुपात घालून घेऊन आली. सूप तिनं विहिणीच्या पायाशी ठेवलं. तुमच्या हातचं आहे ना, ती म्हणाली, मग तुमच्याच हातानं टाका. तिनं ते मोठ्यानं म्हटलं नाही, साधं म्हटलं, आणि त्यामुळं ते जास्त लागलं. भागीरथीबाईंनी कापड उचललं. मोहरीएवढ्या अंड्यांच्या रांगा त्यावर नीट, दाट बसल्या होत्या. असं बियाणं बघून आठवड्यापूर्वी त्यांचा ऊर भरून आला होता. न्हाणीच्या चुलीत त्यांनी ते घातलं आणि ते पुरतं जळेपर्यंत तिथंच वाकून बसल्या. पुढच्या खेपेपासून आम्ही बियाणं दुसरीकडनं बघू, असं गोदूबाईनं मागून सांगितलं. सरी, बरं, त्या म्हणाल्या. कॉफीचं कुणी विचारलं नाही. अहल्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली आणि आईच्या दंडाला धरून रडली. त्यांनी तिचे डोळे पुसले आणि तिला परत पाठवलं.

स्टेशनापर्यंत ऊन डोक्यावर होतं. वसुमतीला आनंद व्हायला हवा होता. तिच्यावरचा डाग सासूनं स्वतःच्या तोंडानं, परक्या अंगणात पुसला होता. पण तो आपल्यासाठी पुसला नाही, लेकीसाठी पुसला, हे तिला स्वच्छ कळत होतं. सोमवारपर्यंत त्यांना माझ्यासाठी बोलता आलं नसतं का, हा प्रश्न तिला टोचत होता. आणि तरीही पुढं चालणारी ती वाकलेली पाठ बघून तिला वाईट वाटत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्हींचं ओझं घेऊन चालायची आता तिच्यात ताकद नव्हती.

फलाटावर लिंबाखालच्या बाकावर दोघी टेकल्या. भागीरथीबाई म्हणाल्या, "त्या दिवशी कशाला सांगितलंस गं मला? गप्प बसली असतीस तर कुणाला कळणार होतं?"

वसुमती रुळांकडं बघत होती. "तुम्ही पण आज गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं, आत्याबाई?"

मालूरकडं जाणारी गाडी आली. दारं उघडली, चार माणसं उतरली, दोन चढली. वसुमती उठून उभी राहिली, कारण काय करायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासू बाकावर बसून होत्या. गार्डानं शिट्टी दिली आणि गाडी गेली.

मग भागीरथीबाई उठल्या. तट्टे चुन्यानं धुवायचे आहेत, खोली सारवायची आहे, एकटीनं होणार नाही, असं त्या तिच्याकडं न बघता म्हणाल्या. वसुमतीचं गाठोडं बाकावर होतं. ते त्यांनी काखेत घेतलं आणि रूळ ओलांडून बंगळूरकडच्या फलाटाकडं चालू लागल्या.